लोकाच्या घरी राहायची रीत

"वर्षभर परक्या माणसांच्या घरी राहावं लागेल. जमेल का? मुलं घाबरतात, रडतात, परत पाठवा म्हणतात." मुलाखत घेणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं. नागपूरची ती थंडगार खोली, समोर तीन मोठी माणसं. हसायची जागा नव्हती, तरी शीला आडे हसली. म्हणाली, "मॅडम, मी सहा वर्षांची होती तवापासून तेच करून राह्यली." बाईंना वाटलं, पोरगी धीट आहे. परदेशी संस्थेची शिष्यवृत्ती तिला मिळाली. अकरावीचं वर्ष अमेरिकेत, तिथल्या शाळेत, तिथल्या कुटुंबांत राहून.

मग पेपरात फोटो आला. खाली काय छापलं होतं म्हणता? 'तांड्यावरची लेक जन्मात पहिल्यांदाच आईवडिलांची सावली सोडून परक्या घरी!' आता या पेपरवाल्याला काय म्हणावं. अरे बाबा, एक फोन तर करायचा होता. सावली म्हणे. ज्या पोरीनं आईबापाला वर्षातून चार-सहा महिनेच पाहिलं, तिची सावली कोणती आणि ऊन कोणतं? तो पेपर तिनं चुरगाळून चुलीत घातला, आणि मला विचाराल तर बरंच केलं.

वाशीम जिल्ह्यात, किन्हीराजा गावाच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की शीलाचा तांडा. बाप हेमला, आई मोतीबाई. खडकाळ जमिनीचा एक तुकडा, त्यात सोयाबीन आणि तूर. ते घरात आलं की दिवाळीनंतर ट्रक येतो आणि अर्धा तांडा सांगलीकडं ऊस तोडायला जातो. त्या कामात 'एक कोयता' म्हणजे एक माणूस नसतो, जोडपं असतं. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. एकट्या गड्याला मुकादम ट्रकजवळ उभाही करत नाही. म्हणून हेमला गेला की मोतीबाईला जावंच लागायचं. आजी होती तोवर पोर तिच्यापाशी राहिली. आजी गेली, आणि सहा वर्षांच्या शीलाला मेडशीला किसनसिंग काकाकडं ठेवलं. किसनसिंग म्हणजे हेमलाचा मोठा भाऊ. एसटी स्टँडजवळ त्याचं हॉटेल. चहा, आलूबोंडे, भजे. निघताना मोतीबाईनं पोरीच्या डोक्याला तेल लावलं आणि सांगितलं, "काकीले तरास देऊ नोको. सांगाच्या आधी काम करत जाजो." (घरात ही माणसं गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात, पण ती मला धड येत नाही. म्हणून वऱ्हाडीत सांगतो.)

लोकाच्या घरी कसं राहायचं हे पोराला कोणी शिकवावं लागत नाही. घरातलं कोणी उठायच्या आधी उठायचं. हात रिकामा दिसू द्यायचा नाही. ताटात पहिल्यांदा पडलं तेवढंच आपलं, पुन्हा भाकर मागायची नाही. आजारी पडायचं नाही, पडलंच तर कोणाला कळू द्यायचं नाही. कोणी विचारलं, कसं चाललंय, तर सगळं बरं हाय.

काकीचं नाव प्रयागबाई. तिनं कधी पोरीवर हात उचलला नाही, आणि हे ती चारचौघांत मोठ्या अभिमानानं सांगायची. हात कशाला उचलावा लागतो? तिचा राग ताटात उतरायचा. कप फुटला की रात्री भाजी नाही. भांड्याच्या बुडाला काळं राहिलं की अर्धी भाकर. "फुकटचं कोन खाऊ घालते आजकाल?" एवढं म्हणायची आणि ताट पुढं सरकवायची. लहानग्या पोरीच्या मनात एक गोष्ट अशी पक्की बसली की काकी रागावली म्हणजे आपण उपाशी. आणि गिऱ्हाइकांपुढं हीच प्रयागबाई म्हणायची, "आमची पोट्टीच हाय थे." स्वतःच्या पोटच्या पोरीला मात्र तिनं कधी एक बशी विसळायला लावली नाही.

आठवीत शीलाला वाशीमच्या सरकारी निवासी शाळेत जागा मिळाली तेव्हा पोरी घरच्या आठवणीनं रडत होत्या आणि ही पोटभर जेवत होती. मेसमध्ये घंटा वाजली की ताट आपलं; ते कोणाच्या मेहेरबानीवर नव्हतं. पण काकाच्या घरातली जागा रिकामी झाली ना! शीलाची धाकटी बहीण देवकी, तोवर आईबापाबरोबर उसाच्या फडात पाचटाच्या खोपीत राहणारी, ती सात वर्षांची झाल्यावर काकाकडं आली. शाळा शिकेल म्हणून. शीलाला कोणी विचारलं नाही. सुटीत घरी आली तेव्हा कळलं.

तर अशी ही पोरगी अमेरिकेत गेली. आयोवा नावाचं राज्य. विमानातून उतरून गाडीत बसली तर दोन्ही बाजूंना सोयाबीन, नजर जाईल तिथवर सोयाबीन. एवढा समुद्र ओलांडून आली आणि पाहायचं काय, तर हे.

पहिलं घर ट्रेसी नावाच्या नर्सबाईचं. नवरा लांबच्या ट्रकवर, तीन लहान पोरं. पहिल्याच सकाळी शीला सगळ्यांच्या आधी उठली. भांडी घासली, फरशी गुडघ्यावर बसून पुसली, पोरांचे डबे भरले. ट्रेसी खाली आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, अगं, तू इथं काम करायला आलेली नाहीस, शिकायला आलीस. आठवडाभर रोज म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात नुसतं 'थँक यू' म्हणू लागली. महिना संपता संपता तेही बंद झालं.

आणि इथंच माझं डोकं फिरतं. ट्रेसी काही वाईट बाई नव्हती. दमलेली बाई होती. पण दमलेल्या माणसाच्या घरात न बोलता राबणारं लेकरू आलं की चांगल्यातलं चांगलं माणूसही दोन महिन्यांत शेफारतं, मग ते आयोवात असो की मेडशीत. पोरं सांभाळायला एक बाई यायची, तिला ट्रेसीनं 'आता गरज नाही' म्हणून सांगितलं. शीला शाळेतून येऊन पोरांना आंघोळी घालायची, कपड्यांच्या घड्या करायची, धाकट्याला थोपटत थोपटत इतिहासाचं पुस्तक वाचायची. संस्थेची तिथली बाई, कॅरल, अधूनमधून फोन करायची. सगळं ठीक ना? सगळं ठीक.

मग शिकागोची सहल ठरली. त्या राज्यात आलेली सगळी परदेशी पोरं एका बसनं जाणार होती. शीलानं नकाशात ते तळं पाहून ठेवलं होतं, समुद्रासारखं दिसणारं. आदल्या दिवशी ट्रेसी म्हणाली, माझ्या बहिणीच्या घरचं लग्न आहे, पोरांना नेता येत नाही, तू घरी थांबशील का? शीला म्हणाली, हो. का म्हणाली? दुसरं काही म्हणायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. लोकाच्या घरी 'हो'च म्हणतात.

बसजवळ शीला नाही हे पाहून कॅरल थेट घरी आली. दार उघडलं ते शीलानं. कडेवर धाकटं, हातात उलथनं, मागं दोघं मारामारी करताहेत. कॅरलनं आत वाकून पाहिलं, गाडीत जाऊन बसली आणि कोणाकोणाला फोन करत राहिली. त्याच आठवड्यात घर बदललं. जाताना ट्रेसी गळ्यात पडून रडली. म्हणाली, आमच्याच मुलीसारखी होती ही. ते ऐकलं आणि शीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं, फक्त भाषा दुसरी होती.

गाडीत कॅरलनं विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" शीला आतून खदखदत होती. ज्या घरात झोपायचं, जेवायचं, त्याच घराची तक्रार करायची, असं कुठं असतं का? आणि तू इतके दिवस फोनवर विचारत होतीस, तेव्हा एकदा येऊन पाहायला काय झालं होतं?

दुसरं घर म्हाताऱ्या शेतकरी जोडप्याचं. डोरीन आणि व्हर्नन. पोरं मोठी होऊन गेलेली. व्हर्नन दिवसभर ट्रॅक्टरच्या गोष्टी करायचा, त्याही ट्रॅक्टरशीच. डोरीन तोंडाची फटकळ. पहिल्या सकाळी शीलाच्या हातातून फडकं ओढून घेतलं आणि म्हणाली, माझं स्वयंपाकघर मी बघते. झालं! आता या पोरीनं करायचं काय? काम नाही म्हणजे या घरात आपला पाय कशावर टेकायचा? तिला झोप लागेना. भूक असून ती अर्धंच खायची. संधी शोधत राहिली.

संधी रविवारी मिळाली. म्हातारा-म्हातारी चर्चला गेली. ओट्यावर एक जाड लोखंडी तवा होता, लांब दांड्याचा, आतून-बाहेरून काळाकुट्ट. शीलाला त्या काळ्याची लाज वाटली. प्रयागबाईच्या घरी असं भांडं राहिलं असतं तर! तिनं तारेची घासणी घेतली, पावडर घेतली, बाह्या वर केल्या आणि तो तवा घासायला बसली. हाताची सालं गेली. पण तवा पांढरा फटक करूनच उठली, आणि दिसेल असा मधोमध ठेवला.

डोरीन आली, पाहिलं, आणि तिचा आवाज टिपेला गेला. तो तवा तिच्या सासूचा. त्याला साबण कधी लागला नव्हता. वर्षानुवर्षं तेल जळून बसलेलं ते काळं म्हणजेच त्या तव्याची किंमत होती. त्यावर अंडं चिकटत नसे, भाकरी चिकटली नसती. पोरीनं ते सगळं खरवडून मोरीत घालवलं होतं. डोरीन कपाटाची दारं आपटत होती. कोणी सांगितलं होतं हात लावायला? विचारायचं तरी!

शीला वर गेली. कपडे बॅगेत भरले, बॅग मांडीवर घेतली आणि खाटेवर बसून राहिली. चूक झाली, आता इथलं संपलं, कॅरल येईल. थोड्या वेळानं डोरीन दारात आली.

"हे काय?"

"मी तयार आहे."

"कशाला?"

"तुम्ही रागावलात."

"रागावले म्हणजे? चांगली आठवडाभर रागावलेली राहणार आहे," डोरीन म्हणाली. "खाली ये, जेवण गार होतंय."

शीला खाली आली. डोरीननं तिच्यापुढं ताट आपटलं. भरलेलं ताट, कोंबडी, बटाटे, मका. जेवताना सगळा वेळ म्हातारी त्या तव्यावरून बडबडत होती, आणि बडबडता बडबडताच, न विचारता, तिनं पोरीच्या ताटात आणखी बटाटे वाढले. तेव्हा शीलानं उचललेला घास परत ताटात ठेवला. तुम्हाला वाटेल, रडू आलं. नाही. राग आला. असा राग तिला सबंध आयुष्यात आला नव्हता. म्हणजे असंबी असते? रागवाचं आन जेवूबी घालाचं? माणूस चिडलं तरी ताट तसंच राहते? मग ते आमच्या ताटाचं काय होतं? कोनत्या गुन्ह्यापायी भाजी बंद केली होती आमची? सहा वर्षांची पोर होती मी!

आणि मग लख्खकन दुसरी गोष्ट डोक्यात आली. देवकी तिथंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मेडशीत संध्याकाळ होती तेव्हा, तिनं काकाच्या मोबाईलवर व्हिडीओ कॉल लावला. प्रयागबाईचा चेहरा आधी आला, मग गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी तिनं फोन सगळ्या हॉटेलभर फिरवला. अमेरिकेवाली पोट्टी हाय आमची. शेवटी मागच्या मोरीजवळ देवकीपुढं धरला. "बोल ना वं, बहीण हाय." देवकीनं फ्रॉकला हात पुसले. पोरीच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. भांडी घासायच्या पावडरच्या, शीलाला ओळखायला वेळ लागला नाही.

"शाळेत गेलती का आज?"

"आज बाजार होता."

"जेवली का?"

देवकीनं काकीकडं पाहिलं. "सगळं बरं हाय," म्हणाली.

शीलानं फोन ठेवला आणि लगेच उसाच्या फडात आईला लावला. तिकडं ट्रॅक्टरची धडधड. "याडी, देवकीले तिथून घेऊन ये." मोतीबाई म्हणाली, "इथं कुठं ठेवू वं? खोपीत साप निघते. शाळेचं काय?" मग हेमलानं फोन घेतला. "काकाच्या घराबद्दल असं बोलाचं नाई. त्यानं सांभाळलं म्हून तू आज तिथं हाय." शीला ओरडली. डोरीनच्या स्वयंपाकघरात उभी राहून, गोरमाटीत, फोन गरम होईपर्यंत ओरडली. बापानं फोन ठेवून दिला.

डोरीननं विचारलं, काय झालं? शीलानं सांगितलं, तुटक्या इंग्रजीत, हुंदके न देता. डोरीननं सगळं ऐकून मान हलवली आणि म्हणाली, बिचारी काकी, दुसऱ्याचं पोर सांभाळणं सोपं नसतं गं. आपली माणसं आहेत म्हणून केलं त्यांनी. घ्या! जिनं डोळे उघडले तिलाच दिसेना. "नाही," शीला म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "नाही! तुम्हाला माहीत नाही. बोलू नका." व्हर्ननही टीव्हीसमोरून वळून पाहायला लागला. ज्या घरात राहते त्या घरच्या माणसाला शीलानं असं तोंडावर तोडलं, ते पहिल्यांदाच. डोरीनचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता मात्र रोजच्यासारखाच टेबलावर होता, आणि शीलानं तो सगळा खाल्ला.

उरलेल्या महिन्यांत तिनं तळंही पाहिलं, बर्फही पाहिला, शाळेच्या नाटकात कामही केलं. ते सगळं पेपरात आलं आहे, तिथं वाचा. मनात एकच गोष्ट घोळत होती. घरी जायचं आणि देवकीला त्या मोरीजवळून उठवायचं.

जूनमध्ये परतली; बारावीला पुण्याच्या कॉलेजात जायचं ठरलं होतं. तांड्यावर आईबाप उसाहून आलेले, पेरणीच्या तयारीत. देवकी नाही. उन्हाळ्याच्या सुटीतसुद्धा काकानं तिला पाठवली नव्हती; लग्नसराई होती, हॉटेलात गर्दी. "आता येतानी तिले तिथूनच घेऊन येऊ," हेमला म्हणाला, "दादानं तुह्या सत्काराचं ठेवलं हाय मेडशीले. रागाच्या भरात तोंड उघडू नोको तिथं." तोंड उघडायचं की नाही, ते शीलानं आयोवातच ठरवलं होतं.

सत्कार म्हणजे काय विचारता! हॉटेलसमोर मांडव, खुर्च्या, कर्णा. फलकावर शीलाचा फोटो चार बोटं आणि किसनसिंगचा हातभर, कारण पंचायतीची निवडणूक तोंडावर होती. माजी सरपंच धरमसिंग पाहुणे. हेमला पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून, अंग चोरून बसलेला. मोतीबाई मागं बायांमध्ये. किसनसिंगनं माईक हातात घेतला.

"ह्या पोरीले मी वाढवलं. आईबाप उसात, मंग पाह्यलं कोनं? आमी. दोन घास आमी कमी खाल्ले, पन लेकरू शिकवलं. आज अमेरिका कोनं दाखवली? मेडशीनं दाखवली!"

टाळ्या पडल्या. आणि त्या टाळ्यांतून वाट काढत, चहाच्या कपांचा जड ट्रे दोन्ही हातांनी छातीशी धरून, गेल्या वर्षीच्या शाळेच्या फ्रॉकात, अनवाणी, देवकी आली. बहिणीच्या सत्काराला बहीण चहा वाटत होती आणि मांडवातल्या एकाही शहाण्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. असा संताप येतो ना, की मांडवच उपटून फेकावा.

शीलाला दोन शब्द बोलायला उभं केलं. तिनं गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला.

"देवकी, ट्रे खाली ठेव." देवकीनं काकीकडं पाहिलं. "तिकडं नोको पाहू. खाली ठेव." मग शीला वळली. "काका, देवकी कोनत्या वर्गात हाय?"

किसनसिंग हसला. "पाचवीत. नाई, चौथीत असन."

"तुमाले मालूम नाई. हाटेल बंद असते त्या दिवशी थे शाळेत जाते. मले कोनी सांगाची गरज नाई, मीबी तशीच जात होती. तुमी म्हनता आमाले खाऊ घातलं. आमी फुकट नाई खाल्लं, काका. मी खाल्लं थे भांडे घासून खाल्लं. हे खाते थेबी भांडे घासून खाते. कप फुटला त्या रातीचं तर तेबी नाई खाल्लं. आज मी हिले घेऊन चालली."

कर्णा होता, त्यामुळं हे स्टँडपर्यंत गेलं. धरमसिंगनं चहाचा कप तोंडापाशी तसाच धरून ठेवला. प्रयागबाई आतून तरातरा आली. "पाह्यलं? हे फळ! परदेशात जाऊन पोट्टी बिघडली. पोटच्या पोरीसारखं केलं हिचं."

"तुमच्या पोटच्या पोरीले बोलवा," शीला म्हणाली. "हात दाखवू द्या तिले. देवकीचेबी हात पाहा सगळे जन."

प्रयागबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. आणि तेवढ्यात नको ते झालं. हेमला उठला. तो पोरीच्या बाजूनं गेला नाही. भावापुढं गेला, वाकला आणि त्याचे पाय धरले. "दादा, पोट्टीले समजत नाई. माफ कर. तुहे उपकार हायेत."

शीला धावत बापापाशी आली. काकाचा राग तिनं वर्षभर पोसला होता, तो या रागापुढं काहीच नव्हता. "बापू, उठ," ती म्हणाली. "कायचे उपकार? उठ म्हनते ना मी तुले!"

हेमला उठला. डोळे लाल, आवाज चिरलेला. "मंग सांग तूच. दिवाळीनंतर मी हिले ठेवू कोनापाशी? तू जाशीन पुन्याले कालेजात. आमी दोघं उसात. खोपीत ठेवू? रस्त्यावर ठेवू? सांग ना. अमेरिका पाहून आली ना तू, सांग."

बापानं विचारलं ते खरं होतं. शीलापाशी राग होता, डोंगराएवढा होता, पण रागापाशी पोर ठेवता येत नाही. मांडवात कोणी खाकरलं, कोणी हसलं. किसनसिंगनं मोठेपणानं भावाच्या पाठीवर हात ठेवला. माईक पुन्हा त्याच्या हातात जाणार होता.

मागून मोतीबाई उठली. खुर्च्यांमधून वाट काढत ती कोणाकडं न बघता थेट घरात गेली. आतून खडखडाट ऐकू आला. बाहेर आली ती देवकीची पिशवी घेऊन. दोन फ्रॉक, एक पाटीदप्तर. नवऱ्यासमोर येऊन थांबली.

"यंदा मी उसाले नाई येत," म्हणाली.

हेमलाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो मटकन खुर्चीवर बसला. मोतीबाई नाही म्हणजे कोयता नाही. तो एकटा काही कामाचा नव्हता. "मंग माह्यं काय?" त्यानं विचारलं.

"तुमी तुमचं पाहा. मी पोरीपाशी राहीन."

"मोती, डोकं ठिकान्यावर हाय का?" किसनसिंग म्हणाला. "घर कसं चालवशीन?"

मोतीबाईनं दिराकडं पाहिलं. डोक्यावरचा पदरही पुढं ओढला नाही तिनं. "तुमचं हाटेल माह्या पोरीईनं चालवलं ना, दादा? मंग मी माह्यं घर चालवन."

चौघं स्टँडवर आली. सत्काराला आलेले लोक मांडवातून बघत होते, कोणी हाक मारली नाही. मालेगावची एसटी लागली होती. चढताना देवकी पायरीवर अडली. "कप राह्यले ना," म्हणाली. शीलानं तिला दंडाला धरून आत ओढलं, जरा जास्तच जोरात. हेमला पुढच्या सीटवर एकटा बसला, पाठ करून. शीला त्याच्याशी बोलणार नव्हती. पायाला हात लावायची काय गरज होती, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं; आणि तो पुढं दिवाळीला काय करणार, हेही जात नव्हतं.

गाडी सुटली. देवकी आई आणि बहिणीच्या मध्ये, पिशवी मांडीवर घेऊन, ताठ बसली होती. स्टँड मागं पडल्यावर तिनं विचारलं, "आता मले कोनाच्या घरी ठेवता?"

"कोनाच्या नाई वं," मोतीबाई म्हणाली. "आपल्या घरी. माह्यापाशी."

देवकीनं पिशवी छातीशी ओढली. तिच्या तोंडावर ना हसू, ना रडू.

"मंग तिथं मले काय काय काम करा लागन?"

मोतीबाईनं तोंडात पदर कोंबला. शीला खिडकीचा गज आवळून धरून बसली. पुढच्या सीटवर हेमलानं ऐकलं होतं; त्यानं मान वळवली नाही, पण गावं मागं पडत गेली तसे त्याचे खांदे हलत राहिले.